खैरियतची ओळ

हमीदभाई, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या फोनवर मेसेज आला. 'खैरियत.' मी क्लासच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. घास हातातच राहिला. मेसेज तुम्ही पाठवलेला नाही, कोपऱ्यातल्या तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरनं पाठवलाय, हे मला चांगलं ठाऊक होतं. सात वर्षं तो रोज ह्याच वेळेला येतो. तरी पाचावर धारण बसली. डबा तसाच झाकला आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

तुम्ही असतात तर हसला असतात. "मंदाताई, तुमी लई भित्र्या," असं दिवसातून एकदा तरी म्हणायचात. खरंच आहे. मी पालीला भिते, क्लासच्या सरांच्या पावलांना भिते, रविवारच्या टेस्टच्या आदल्या दिवशी प्रिंटर नुसता खरखरला तरी मी खुर्चीतून उडते. पण भिण्यात तुम्हीही काही कमी नव्हतात. फरक एवढाच, की मी भिऊन बडबड करायचे आणि तुम्ही भिऊन स्क्रिप्ट लिहायचात.

स्क्रिप्ट म्हणजे काय असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. तुमच्या चिठ्ठीत लिहिलेलं काम असं होतं. दुपारी दीड वाजता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरनं ऑफिसातल्या सातही कॉम्प्युटरांकडे जायचं, कालपासून जे जे बदललं असेल ते उचलायचं आणि इंटरनेटच्या लाइनीवरून नांदेडला पाठवायचं. नांदेडला तुमच्या थोरल्या बहिणीचं, आपांचं बुकबाइंडिंगचं दुकान. तिथं काउंटरखाली एक काळा डबा, त्यावर हिरवा दिवा. त्या डब्यात रोज त्या त्या तारखेची एक फाइलींची थैली तयार व्हायची. तिला तुम्ही फोटो म्हणायचात. कुठल्याही तारखेची थैली उघडा, त्या दिवशी सातही कॉम्प्युटरांत जे होतं ते जसंच्या तसं समोर. आणि जे बदललं नाही त्याची परत नक्कल नाही, नुसती खूण, त्यामुळे जागा भरत नाही. हे मला समजायला दोन महिने लागले आणि तुम्ही ते कंटाळा न करता दहा वेळा सांगितलंत.

दीडची वेळही तुम्हीच धरलेली. संध्याकाळी भारनियमन, सकाळी बॅचा. दुपारी आम्ही डबे उघडायचो, तुम्ही जोहरच्या नमाजाला जायचात, आणि मागं ते मशीन एकटं काम करत बसायचं. सगळं नीट पोचलं की तुमच्या आणि माझ्या फोनवर एकच शब्द यायचा. पोचलं नाही तर काहीच यायचं नाही.

मी विचारलं होतं, एवढ्या लांब नांदेडला कशाला, वरच्या मजल्यावर ठेवा की डबा. तुम्ही म्हणालात, "एका छताखाली दोन नग ठेवले तर त्यो एकच नग, ताई." मग तुम्ही पाकीट काढलंत. त्यात प्लास्टिकमध्ये घातलेलं एक पोस्टकार्ड होतं.

ते कार्ड तुमच्या मावशीचं, खालाचं. औशाच्या पुढं ज्या गावांत भूकंप झाला त्यातल्या एका गावात ती राहायची. आधी कित्येक महिने तिथली जमीन गुरगुरत होती, भांडी वाजत होती, आणि ती प्रत्येक पत्रात लिहायची की इथं सगळी खैरियत आहे, तुमची खैरियत कळवा. भूकंप झाला तेव्हा तुम्ही विशीचे होतात. ट्रकच्या मागं बसून गेलात, हातांनी दगड काढलेत, खालाला मिट्टी देऊन परत लातूरला आलात, आणि आठवड्यानं पोस्टमन हे कार्ड देऊन गेला. उर्दूतलं वळणदार अक्षर. वरून खाली खैरियत. तिचा फोटो एकच होता, आणि तो तिच्याच घरात गाडला गेला.

"म्हनून ह्यो शब्द फुकट छापायचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "पोचलं का ते आधी बघायचं, मग छापायचा." स्क्रिप्टमधली ती ओळ तुम्ही मला बोट ठेवून दाखवलीत. वर अट, आणि अटीच्या पोटात, जराशी आत सरकवून, खैरियतची ओळ.

हे सगळं मला ठाऊक होतं, भाई. मी विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

आपलं एक भांडण सात वर्षं चाललं आणि तसंच राहिलं. दर महिन्याला तुम्ही मागं लागायचात, की नांदेडहून एक तरी पेपर परत आणून बघा, स्वतःच्या हातानं. मी म्हणायचे, आहे ना तिथं सगळं, मग उगीच कशाला हात लावायचा. अहो, हदगावची, मुदखेडची, शिरूर अनंतपाळची पोरं होस्टेलच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहून डॉक्टर व्हायला आलेली, दर रविवारी त्यांची टेस्ट, दर टेस्टचे चार संच, आणि ते टाइप करणारी मी एकटी. मला खेळ करायला वेळ कुठं होता. तुम्ही तेव्हा म्हणालात, "हाय म्हनून कुनी सांगितलं तुमाला? सांगन्यावर जाऊ नका, जाऊन बघा." मी चिडून म्हटलं, तुमचंच मशीन सांगतंय की रोज. माझा नेमका तोच मुद्दा तुम्हाला पटला नाही, हे तोंडावर दिसत होतं. खरं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला भीती वाटायची, की परत आणताना माझ्या हातून अकरा वर्षांचे पेपर पुसले जातील.

मग तुमच्या किडनीनं जवाब दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. नेमकं त्याच महिन्यात रस्ता खोदताना लाइन तुटायला लागली. एक दिवस चालू, दोन दिवस बंद. मेसेज आला नाही की तुम्ही डायलिसिसच्या मशीनवर झोपल्या झोपल्या फोन करायचात. ताई, तो लाल दिवा बघा. ताई, वायर काढून लावा. एकदा तर सुई काढल्या काढल्या रिक्षा करून ऑफिसला आलात, पायऱ्यांवर बसलात आणि उठता येईना. भाभी मागच्या रिक्षातून रडत आल्या. मला तुमचा इतका राग आला होता, की पाण्याचा ग्लास मी तुमच्या हातात न देता पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसले. स्क्रिप्ट उघडली. खैरियतची ओळ उचलली आणि अटीच्या बाहेर, अगदी तळाला नेऊन ठेवली. पोचो न पोचो, एक चाळीसला मेसेज जाणार. आजाऱ्याला खैरियतच सांगायची असते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमच्याकडं तेच करतात, तुमच्याकडंही तेच करतात. रस्त्याचं काम संपलं, तुम्ही बरे झालात, की ओळ परत वर नेऊ, असं मी ठरवलं होतं. तुम्ही शिकवलेलं एवढं एकच काम मी स्वतःच्या हातानं केलं, आणि तेही असलं.

तुमचे फोन थांबले. भाभींनी मला सांगितलं की हे आता दुपारी झोपतात. माझ्या जिवात जीव आला.

बारा-तेरा दिवसांनी तुम्ही अचानक ऑफिसात आलात. तोंड सुजलेलं, अंगावर स्वेटर. चहा नको म्हणालात, जरा बघून घेतो म्हणालात, आणि कोपऱ्यात जाऊन बसलात. मी तुमच्या मागं उभी होते. टाइप करत होते असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं, पण मी कपाटाला धरून उभी होते. तुम्ही दहा मिनिटं बसलात. कीबोर्ड वाजत राहिला. मग तुम्ही पडदा बंद केलात, वळलात आणि म्हणालात, "ठीक हाय." माझ्याकडं बघून हसलातही. मला वाटलं, दिसलं नाही तुम्हाला. नजर कमी झालीय असं वाटलं, आणि देवाचे आभार मानले.

त्यानंतर आपण बोललो ते फोनवरच. शेवटच्या पंधरवड्यात एकदा तुम्ही विचारलंत, "ताई, सगळं पोचून राहिलं ना?" मी म्हटलं, हो भाई, खैरियत आहे, आत्ताच मेसेज आला. तुम्ही जरा वेळ थांबलात. मग म्हणालात, "हाव." मला तो थांबलेला वेळ आता कानात ऐकू येतो.

तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी मी भाभींना भेटायला गेले. आधी गर्दीत गेले होते, तेव्हा बोलता आलं नव्हतं. भाभी इद्दतीच्या दुखवट्यात, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमचा फोन फडताळात चार्जिंगला लावलेला, कारण ज्यांना कळलं नाही त्यांचे अजून येतात. आम्ही तुमच्या चहातल्या साखरेवरून जरा हसलोसुद्धा. मग भाभींनी घड्याळाकडं बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या पर्समध्ये फोन वाजला आणि त्याच क्षणाला फडताळातला तुमचा फोन वाजला.

माझ्या फोनवर होतं, 'खैरियत.' भाभींनी तुमचा फोन माझ्यापुढं धरला. त्यावर होतं, 'खैरियत नाही.'

"ताई, ह्ये कोन पाठवून राहिलं?" भाभींनी हळूच विचारलं. "रोज ह्याच टायमाला येतं. ते गेले त्या दिवशीबी आलं. त्यांना तिथं तकलीफ हाय का? मी रोज ह्या वक्ताला कुरान पढाय बसते."

हमीदभाई, तुमची बायको नऊ दिवस असं समजत होती, की कबरीतून तुम्ही कळवताय. आणि मी काय केलं? कॉम्प्युटरचं काहीतरी आहे भाभी, बघते, एवढं तोंडातल्या तोंडात म्हणून उठले. चपला घालताना डावी उजवी कळत नव्हती.

ऑफिसात येऊन स्क्रिप्ट उघडली. तळाला माझी ओळ तशीच होती. तुम्ही ती हलवली नव्हतीत. तिच्यातून फक्त तुमचा नंबर काढून घेतला होता. खाली एक नवी अट होती, आणि तिच्या पोटात दोन ओळी, तुमच्या पद्धतीनं जराशा आत सरकवलेल्या. पोचलं तर तुमच्या नंबरला 'खैरियत'. न पोचलं तर तुमच्या नंबरला 'खैरियत नाही'. त्या दहा मिनिटांत तुम्ही सगळं बघितलंत. माझी ओळ सरळ उचलून जागेवर ठेवता आली असती. तुम्ही ती माझ्यासाठी राहू दिलीत. मी भित्री आहे म्हणून.

मी तिथंच बसून रडले, आणि रडता रडता लक्षात आलं की खैरियत नाही म्हणजे नांदेडला काही पोचत नाहीये. किती दिवसांपासून, हे मला माहीत नव्हतं. आणि सोमवारपासून आपला मेन कॉम्प्युटर आतून टक टक आवाज करत होता. सगळे पेपर त्याच्यात. सरांनी त्याच सकाळी विचारलं होतं, बॅकअप आहे ना. मी आहे म्हटलं होतं.

त्या रविवारची टेस्ट उरकली आणि सोमवारी पहाटेची एसटी धरून मी नांदेडला गेले. आपांच्या दुकानात गेले तर काउंटरखाली डबा होता, दिवा नव्हता. लग्नपत्रिकांची घाई लागली तेव्हा कागद कापायच्या नव्या मशीनला प्लग कमी पडला, म्हणून आपांनी डब्याची वायर काढली होती. तुम्ही जायच्या एकोणीस दिवस आधी. भाईनं विचारलं नाही का, असं मी म्हटलं. आपा कापडाचा बोळा डोळ्याला लावून म्हणाल्या, "दोनदा इचारलं. डब्याचा हिरवा दिवा हाय का म्हनून. आता बीमार माणसाला काय सांगू? मी म्हनले, हाव, हाय. तो म्हनला, हाव."

मी त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार होते?

वायर लावली. दिवा लागायला वेळ लागला. तेवढ्यात सरांचा फोन, मेन कॉम्प्युटर बसला, सुरूच होत नाही, नुसता काळा पडदा. बॅकअप आहे ना? ह्या वेळेला मी म्हटलं, सर, बघून सांगते.

दुकानातल्या कॉम्प्युटरला डबा जोडला आणि तुम्ही वहीत लिहून दिलेली परत आणायची रीत पुढं ठेवली. सात वर्षं ती वही मी उघडली नव्हती. आपांनी माझ्यासाठी वहीतले आकडे वाचून दाखवले. एक पेपर मागितला, पहिल्या वर्षाचा, फिजिक्सचा. उघडला तर माझीच जुनी चूक त्यात दिसली, 'घर्षण'मधला रफार राहिलेला. ती चूक बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कधी कशाचा झाला नसेल. मग बाकीचे आणले. अकरा वर्षांचे सगळे आले. शेवटच्या तीस दिवसांचे आले नाहीत, कारण ते तिथं पोचलेच नव्हते.

थैल्यांत स्क्रिप्टचाही रोजचा फोटो होता. ती स्वतःलाही वगळायची नाही. एका तारखेला ओळ आत, दुसऱ्या तारखेला बाहेर. माझा हात त्या दिवशी तिथं लागला, हे कुणीही उघडून बघू शकतं. मी ते पुसलं नाही.

सरांना फोन केला. सांगितलं, महिन्याभराचं गेलं, आणि माझ्यामुळं गेलं. ओळीचं सगळं सांगितलं. सर म्हणाले, परत टाइप करा. नोकरी राहील की नाही, हे अजून मला कळलेलं नाही. छापलेल्या प्रती बघून मी टाइप करतेय.

ऑफिसात येऊन माझी ओळ काढून टाकली. तुमच्या अटीत, तुमच्या नंबरशेजारी, माझा नंबर घातला. दुसऱ्या दिवशी एक चाळीसला मी भाभींच्या घरी मुद्दाम जाऊन बसले. दोन्ही फोन वाजले, दोन्हींवर 'खैरियत'. भाभींनी तुमचा फोन हातात घेतला, वाचला, परत वाचला, आणि उराशी धरला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ओळ, रिक्षातून तुम्ही आलात तो दिवस, आपांचा प्लग, सगळं. मला वाटलं होतं त्या मला उठून जा म्हणतील.

त्या खाली बघत म्हणाल्या, "मीबी रोज सांगायची, रिपोर्ट चांगला आलाय म्हनून. ते म्हनायचे, हाव."

तुमचा नंबर काढू का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या.

घरी येताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. भाभींनी सांगितलं, तुम्ही हाव म्हणालात. आपांनी सांगितलं, हाव म्हणालात. मी सांगितलं, तेव्हाही हाव. आणि रोज दुपारी एक चाळीसला उशाजवळचा फोन तुम्हाला सांगत होता की खैरियत नाही. शेवटच्या दिवसांत तुमच्याशी खरं बोलणारी ती एकच ओळ होती, आणि तीही तुम्हाला स्वतःच लिहून घ्यावी लागली. एकट्यानं ते वाचताना तुम्हाला किती भीती वाटली असेल, ह्याचा विचार आला की मी आजही जेवणाचा डबा झाकून ठेवते. मी खरं सांगितलं असतं, तर निदान दोघं मिळून भ्यालो असतो.

आज दुपारी दोन्ही फोनवर 'खैरियत नाही' आलं. जुन्या सवयीनं मी भाभींना फोन लावला आणि काही नाही हो भाभी, सगळं ठीक आहे, असं म्हणणारच होते. म्हटलं नाही. आधी आपांना विचारलं, मग भाभींना जे होतं ते सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

हमीदभाई, आज खैरियत नाही. नांदेडला सकाळपासून लाइट नाही, कधी येईल ते आपांना माहीत नाही, आणि मला भीती वाटतेय.